चुकणार नाही असं यीस्ट

४ मार्च

प्रिय वन्सं,

पत्र बघून चकित झाला असाल. हिला फोन करायला काय झालं, असं आईंनाही वाटेल. घरात फोनवर मोकळं बोलता येत नाही, म्हणून चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना, काउंटरवर बसून लिहिते आहे. अडचण तुमच्याच खात्यातली आहे. तुमच्या प्रयोगशाळेत शेकडो जातींचं यीस्ट सांभाळता ना, त्यातलं एक मला निवडून द्या.

ह्यांचं घरी बिअर काढणं चालूच आहे. गेल्या वर्षी छंद होता, आता वेड झालंय. हौशी लोकांचा एक क्लब आहे, दर दोन महिन्यांनी त्यांची स्पर्धा असते. हे एल काढतात, ती तांबूस, दाट बिअर. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचं, उकळून गाळलेलं गोड पाणी, ज्याला हे काढा म्हणतात, वीस लिटरच्या पिंपात ओतायचं, गार झालं की वरून यीस्ट भुरभुरायचं आणि झाकण लावायचं. मग दोन आठवडे त्या पिंपाजवळ मी खोकायचंसुद्धा नाही.

मागच्या तीन पिंपांना लोण्याचा वास आला. क्लबात कुणीतरी चव घेऊन विचारलं, "पावाला लावू का?" सगळे हसले. हे घरी आले, कोट खुंटीला लावला, बाह्या दुमडल्या आणि न्हाणीघराच्या भिंतीवर एकेक बाटली फोडली. अडतीस बाटल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. काचकारखान्यात तपासनीस म्हणून दिवसभर हेच करतात ना, काचेत बुडबुडा दिसला की बाटली फोडायची. तसंच, एकीनंतर एक. मी दाराशी उभी राहून मोजत होते, दुसरं काय करणार? काच वेचताना तळहात कापला म्हणून अक्षर असं कोंबडीचे पाय. हसू नका.

तर मला असं यीस्ट सांगा, जे चुकणारच नाही. ह्यांना मात्र कळू देऊ नका. धाकट्या बहिणीला विचारलं म्हणजे कमीपणा. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची,
वहिनी

१३ मार्च

अगं वहिनी,

चुकणार नाही असं यीस्ट म्हणजे चिडणार नाही अशी सासू. सापडलं तर मलाही कळव, मी इथे एकीबरोबर राहते.

पण तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे. लोक माल्टवर आणि कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांवर जीव टाकतात आणि यीस्ट घेतात हाताला लागेल ते. खरं तर बिअर माणूस करतच नाही. माणूस फक्त काढा करतो, बिअर यीस्ट करतं. ते आधी साखर खातं, मग खाताना केलेला पसारा स्वतःच आवरतं. लोण्याचा वास हा तो पसारा. काही जाती पोट भरलं की लगेच तळाला जाऊन झोपतात, पाहुण्यांसारख्या, ताट तिथेच टाकून. दादाने अशीच एखादी आळशी जात आणली असणार, आणि वर घाई करून बाटल्या भरल्या असणार.

सोबत पाठवतेय ते आमचं सतरा नंबर. गुणी आहे. हळूहळू खातं, शेवटचं भांडं घासून मगच झोपतं. वास, चव, स्वतःचं काही मिरवत नाही. अट एकच, पिंप सतरा ते एकवीस अंशांच्या आत हवं. आणि बाटल्या भरायची घाई नको, अठरा दिवस थांबा. भांडी उकळत्या पाण्याने धुवा. नाहीतर एक रानटी जात शिरते, तिला आम्ही इथे घरजावई म्हणतो. बाकीचे उठले तरी हे आपलं खातच बसतं. बाटलीत गेलं की तिथेही खातं, आणि एक दिवस बाटली बॉम्बसारखी फुटते.

दादा लहानपणापासून असाच. एक अक्षर चुकलं तर पान नाही, वही फाडायचा. बाबांवर गेलाय. काच वेचताना जाड हातमोजे घालत जा, वेंधळी कुठली!

आई मजेत. कान तसाच.

तुझी नणंद

२ मे

प्रिय वन्सं,

तुमच्या तोंडात साखर पडो! सतरा नंबरने लाज राखली. क्लबात ह्यांचा दुसरा नंबर आला. पितळी पेला मिळाला, तो टेबलाच्या मधोमध ठेवलाय. त्याच्यामुळे जेवायला जागा उरत नाही, पण जेवतोय आनंदाने. आठ दिवस घरात गाणी म्हणत होते. माझ्यासाठी सपाता आणल्या. एक नंबर लहान आहेत, पण आणल्या.

आता चोरी कबूल करते. यीस्ट हे स्वतःच आणतात, चकचकीत पाकिटात, आणि पाकीट स्वतःच्या हाताने कापतात. मग तुमचं घालायचं कसं? मी ह्यांच्या पाकिटाची खालची कड वाफेवर सोडवली, आतलं मोरीत ओतलं, तुमचं भरलं आणि कड इस्त्रीने परत चिकटवली. चष्म्यातले राईएवढे स्क्रू बसवणाऱ्या बाईला हे काय जड! पेला घेताना हे भाषणात म्हणाले, "बायको कुणीही निवडतं, यीस्ट निवडायला अक्कल लागते." सगळे हसले, मीही हसले. माझं हसू वेगळं होतं.

आता वार्षिक स्पर्धेचं पिंप लागलंय. पण उकाडा वाढलाय आणि पिंप थंड ठेवायचं काम माझ्याकडे आहे. ओले टॉवेल गुंडाळायचे आणि दर तीन तासांनी बदलायचे. दुपारी दुकानातून पळत घरी जाते, टॉवेल बदलते, पळत येते. पिंपाला काचेचा तापमापक चिकटवलाय, हे आले की आधी तो बघतात, मग मला. परवा चोवीस होतं.

वन्सं, सव्वीस झालं तर काय होतं? खरं खरं सांगा. आणि त्याला वास किती दिवसांनी येतो, ते पण.

वहिनी

१० मे

अगं चोरटे,

हसून हसून पोटात दुखलं. प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं, नावं न घेता. आमच्या साहेबांनी तुला नोकरी देऊ केली आहे.

सव्वीस अंशांचं विचारतेस. गरम झालं की यीस्ट पिसाळल्यासारखं काम करतं आणि भलतेच पदार्थ तयार करतं. नखांचा रंग पुसायच्या द्रावणासारखा उग्र वास येतो, पिणाऱ्याचं डोकं धरतं. वास आठवडाभरात कळतो. पण वहिनी, सव्वीस झालं तर त्यात काय एवढं? ओतून द्यायचं, नवीन लावायचं. वीस लिटर गोड पाणी, सोनं नाही. एखाद्या आजारी मुलाचा ताप मोजावा तशी लिहितेस!

तरी तुझी धावपळ वाचावी म्हणून चाळीस नंबर पाठवतेय. हे उन्हातलं लेकरू आहे. पस्तीस अंशांतही डोकं शांत ठेवतं आणि चार दिवसांत काम उरकतं. पुढच्या पिंपाला हेच वापर.

दादाला म्हणावं, एवढा जीव लावतोयस तर टॉवेल तूच बदल.

तुझी नणंद

२९ मे

बाईंना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमची वहिनी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाची मी मालकीण. ती लिहू शकत नाही म्हणून मी लिहिते. तिने सांगितलेलं नाही, लिहिते ते माझं मी.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत, मधलं आणि अंगठ्याशेजारचं. ती म्हणते, दारात सापडली. माझ्याकडे तिला चार वर्षं झाली. या चार वर्षांत एकदा जिना, एकदा कपाटाचा कोपरा, दोनदा दार. इतकं वाईट घर असेल तर पाडून टाकायला हवं.

मी लोकांची पत्रं उघडत नाही. तुमचं शेवटचं उघडलं, त्याबद्दल माफ करा. तुम्ही त्यात विचारलंय, सव्वीस झालं तर त्यात काय एवढं? काय एवढं ते सांगते. त्या दुपारी दुकानात गर्दी होती, तिला निघायला उशीर झाला. सुटी झाल्याने तिचा नवरा आधीच घरी आला होता. तापमापकावर सत्तावीस होतं. त्याने तिला जवळ बोलावलं, तिचा हात धरला, दोन बोटं दाराच्या बिजागरीकडच्या फटीत घातली आणि दार लावलं. हळू लावलं. म्हणजे दारात सापडली हे खरंच आहे, फक्त दार कोणी लावलं तेवढं ती सांगत नाही. हाड बसवताना डॉक्टरांनी गुंगीचं औषध दिलं, तेव्हा मी शेजारी होते. "आता एकवीस आहे, बघा, एकवीस आहे," असं बरळत होती. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं. रडली नाही. सगळं सांगितलं आणि म्हणाली, वन्संना कळवू नका, त्यांचा भाऊ आहे.

भाऊ तुमचा आहे, म्हणूनच कळवते.

दुकानाची मालकीण

४ जून

वहिनी,

बाईंचं पत्र चार वेळा वाचलं. तुझी आधीची दोन्ही काढून वाचली. सगळं त्यात होतं गं. अडतीस बाटल्या होत्या, कापलेला तळहात होता. मी तुला हातमोजे घालायला सांगितले.

मला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. मला दिसलं आणि मी मान फिरवली. त्याची सवय मला लहानपणापासून आहे. आईचा डावा कान कशाने गेला ते तुला आम्ही आजार म्हणून सांगितलं. आजार नव्हता. बाबांनी लोखंडी डावाने मारलं होतं. कानातून रक्त आलं, आई ओट्याला धरून उभी राहिली आणि भाजी करपू नये म्हणून गॅस बंद केला. मी अकरा वर्षांची होते, टेबलाखाली. दादा पंधराचा. तो मध्ये पडला, तर बाबांनी त्याला पट्ट्याने पाठ सोलेपर्यंत मारलं. त्यानंतर तो माझ्याजवळ टेबलाखाली येऊन बसला आणि म्हणाला, मी मोठा झालो की असा होणार नाही. वहिनी, मी त्या एका वाक्यावर तीस वर्षं विश्वास ठेवला.

आईला पत्र वाचून दाखवलं. तिने उजवा कान पुढे करून सगळं ऐकलं. म्हणाली, "पुरुषाचा हात सुटतो कधीतरी. तू त्यात पडू नकोस." मी पडले. काल दादाला फोन केला. तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, तुला काय कळतं, घरात शिस्त लागते. तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, कसली शिस्त आणि कसली अक्कल! तो पेलासुद्धा तुझा नाही, माझ्या यीस्टचा आहे. तुझ्या बायकोने तुझ्या पाकिटात भरलं म्हणून आला.

मग तो रडला. खरंच रडला, मी ऐकलं. म्हणाला, पुन्हा होणार नाही.

तरी तू तिथे थांबू नकोस. सामान घेऊ नकोस. इथे ये.

तुझी नणंद

२३ जून

वन्सं,

हे डाव्या हाताने लिहिते आहे. रुग्णालयात आहे. तीन दिवस लागले एवढं लिहायला.

तुमचं पत्र मला बाईंनी गेल्या आठवड्यात इथे आणून दिलं. तोवर सगळं होऊन गेलं होतं. तुम्ही फोन केलात हे मला तुमच्या पत्रातून कळायच्या आधी त्याच्याकडून कळलं.

तो चारला आला, रोजच्यासारखा. हात धुतले. पितळी पेला उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवला. मग इस्त्री आणली, टेबलावर ठेवली, बटण लावलं. एक नवं पाकीट समोर टाकलं आणि म्हणाला, "दाखव, कसं चिकटवलंस." मी म्हटलं, माझी बोटं मोडलीत, जमत नाही. म्हणाला, "डाव्याने." मी चिकटवलं. त्याने पाकीट उजेडात धरून बघितलं, बाटली बघतात तसं. म्हणाला, "छान. कळत नाही." आणि माझा डावा हात टेबलावर दाबून इस्त्री मनगटाच्या वर ठेवली. दाबून धरली. मला माझाच वास आला.

ओरडले असेन, आठवत नाही. बाटल्यांना झाकण ठोकायचं त्याचं लोखंडी यंत्र टेबलाच्या कडेला होतं, ते लांब दांड्याचं. ते माझ्या उजव्या हातात कसं आलं, प्लास्टरमधल्या बोटांत कसं धरलं, मला माहीत नाही. पहिला घाव कपाळावर बसला. तो मागे गेला, पण पडला नाही. माझे केस धरून डोकं पिंपावर आपटलं, दोनदा. तोटी तुटली. दुसरा घाव मी खालून घातला, जबड्यावर. काहीतरी मोडलं, आवाज आला. तो पडला. पिंप आडवं झालं आणि वीस लिटर फेस सगळ्या खोलीभर.

वन्सं, तिसरा घाव मी घातला तेव्हा तो खाली पडलेला होता. त्याने हात वर केला होता. मारायला की वाचायला, मला माहीत नाही. मी बघितलं नाही. घातला. डावा डोळा गेला त्याचा.

मग मी त्या फेसात बसून राहिले. खालच्या मजल्यावरचा सुतार, छतातून बिअर गळतेय म्हणून भांडायला वर आला. दार उघडंच होतं. "अहो, हे काय चाललंय..." म्हणाला आणि तिथेच खाली बसला. त्यानेच सगळ्यांना बोलावलं.

तो इथेच, रुग्णालयात, दोन मजले वर आहे. शुद्धीवर आल्याबरोबर लिहून दिलंय त्याने, जबडा बांधलाय म्हणून. तो झोपला असताना मी हल्ला केला, आणि त्याआधी कित्येक महिने मी आणि तुम्ही मिळून त्याला विष घालत होतो. चाळीस नंबरची पुडी त्याला माझ्या डब्यात सापडली. तुमची पत्रंही. पोलीस तुमच्याकडे येतील.

तिसऱ्या घावाचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

१२ जुलै

वहिनी,

माझ्या जिभेला हाड नाही, त्याचे डाग तुझ्या हातावर उठले. माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मला ती नको आहे.

मला तिकडच्या ठाण्यात बोलावलं होतं. तुला भेटू दिलं नाही. अधिकारी एक वयस्कर गृहस्थ. समोर पुडी आणि माझी पत्रं. आधी विचारलं, "हे घरजावई कोण? कटात त्यांचा भाग काय?" मला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू. सांगितलं, साहेब, ती यीस्टची जात आहे. मग पुडी पुढे सरकवली. "आणि हे चाळीस नंबरचं विष?"

मी म्हटलं, कोमट पाणी आणि साखर आणा. चहाच्या पेल्यात आणलं. अर्धी पुडी त्यात ओतली. पंधरा मिनिटं आम्ही सगळे त्या पेल्याकडे बघत बसलो. शिपाईसुद्धा येऊन उभा राहिला. फेस वर आला, पेल्याच्या कडेपर्यंत. मी तो सगळा पिऊन टाकला. म्हटलं, बसा आता माझ्यासमोर, मी मरते का बघा. अधिकारी म्हणाले, "चव कशी आहे?" म्हटलं, वाईट. त्यांनी विषाचा मुद्दा खोडला, माझ्यासमोर.

मग बाबांचं, डावाचं, पट्ट्याचं, टेबलाखालचं सगळं सांगितलं. भावाविरुद्ध सही केली. शेवटी त्यांनी विचारलं, रुग्णालयातून काही पत्र आलं का? नाही म्हटलं. वहिनी, ते पत्र मी निघायच्या आधी स्वयंपाकघरात जाळलं. तिसरं काही झालंच नाही. कळलं ना?

एक आणखी. आई दादाकडे गेली. त्याला घरी सोडलंय. सुनावणी होईपर्यंत त्याने तुझ्या रस्त्यालाही यायचं नाही अशी अट आहे. आईने दोन पिशव्या भरल्या. मी दारात आडवी उभी राहिले, तर म्हणाली, "तुला भाऊ नकोय, मला मुलगा हवाय. एका डोळ्याचा असला तरी." मी बाजूला झाले.

तुझी नणंद

१८ सप्टेंबर

वन्सं,

बाईंनी दुकानाच्या वरची खोली दिली आहे. एक खाट, एक खिडकी. दोन बोटं वाकत नाहीत, पण स्क्रू बसवायला मी अंगठा आणि करंगळी वापरायला शिकले आहे. आधी एका चष्म्याला पाऊण तास लागायचा, आता वीस मिनिटं.

तुम्ही पत्र जाळलंत ते माझ्यासाठी, हे मला कळतं. पण मी गेल्या आठवड्यात त्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि तिसऱ्या घावाचं सांगून आले. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "सुटत होतीस, कशाला बोललीस?" मी म्हटलं, चार वर्षं मी दुकानात येऊन रोज काहीतरी रचून सांगितलं, मला आता रचायचा कंटाळा आलाय. शिक्षा होईल कदाचित. वकीलबाई म्हणतात, झाली तरी थोडी होईल, त्याची मोठी होईल. बघू. दोन्ही खटल्यांची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.

हे पत्र मात्र त्यासाठी नाही. आज सकाळी आई दुकानात आल्या.

गळ्याला रुमाल गुंडाळला होता. हातात त्याचा चष्मा, फ्रेम वाकलेली. माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाल्या, "डाव्या बाजूला काळी काच बसवायची आहे." बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इथे बसवते ती हीच." मला वाटलं उठून जातील. बसल्या. मी फ्रेम सरळ केली, काच घासली, बसवली. त्या माझ्या बोटांकडे बघत होत्या.

"दुखतात?"

"नाही. वाकत नाहीत फक्त."

मग रुमाल सैल झाला आणि मला गळा दिसला. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, अजून लालच होती. मी चष्मा पुसला, डबीत ठेवला, डबी पुढे सरकवली. त्यांनी ती उचलली नाही.

मग आपणहून बोलल्या. त्याने पुन्हा पिंप लावलंय. कामावर जाताना त्यांना सांगून जातो, झाकणातल्या नळीची गुडगुड चालू आहे का ऐकत राहा, थांबली की वेळ लिहून ठेव. "मला ऐकू कुठे येतं गं," म्हणाल्या, "म्हणून झाकण उघडून बघितलं. आत हवा गेली, सगळं नासवलंस म्हणाला." पुढचं त्यांनी हातानेच दाखवलं. बाईंनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

आता त्या वर खाटेवर आहेत. डॉक्टर येऊन बघून गेले, गिळताना दुखतं, बाकी ठीक म्हणाले. तुम्हाला लिहिते म्हटलं तर आधी नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, लिही, पण मी सांगते तेवढंच लिही. इथून पुढचं त्यांचं:

"माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथेच राहिल्या. आणायला जाऊ नकोस, नव्या घे. निळ्या झाकणाच्या. घरचं लोकरीचं पांघरूण आण. एक गादीही आण, ही माझ्यामुळे खाली झोपणार म्हणते, मला ते बरं वाटत नाही. तुझ्या त्या अधिकाऱ्याला मला भेटायचं आहे. त्याला सांगून ठेव, उजव्या बाजूने बोलायचं आणि मोठ्याने. मलाही बरंच मोठ्याने सांगायचंय. आणि भावाचा फोन आला, आई कुठे आहे म्हणाला, तर मेली म्हणून सांग."